परतीच्या वाटेवर तापणारी गाडी

गाडीच्या रेडिएटरमध्ये इंजिन थंड ठेवणारं कूलंट घालायचं असतं. मी दोन वर्षं आमच्या विहिरीचं पाणी घातलं.

विहीर खाडीपासून हाकेच्या अंतरावर. उन्हाळा लागला की तिचं पाणी मचूळ होतं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि चहा केला तर पाहुणे दुसऱ्या कपाला नको म्हणतात. हे सगळं मला माहीत होतं. शिवाय मी हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे. खाऱ्या पाण्यात लोखंड किती लवकर गंजतं हे दाखवायला दर वर्षी परीक्षानळ्यांत खिळे ठेवून मुलांकडून आठवडाभर निरीक्षणं लिहून घेतली आहेत. नोकरीच्या शेवटच्या वर्षी तर सकाळी वर्गात खिळे आणि संध्याकाळी घरी कळशीने गाडीत तेच पाणी, असं एकाच दिवशी केलेलं आठवतं. बायकोने एकदा विचारलंही, "ह्या पाणी गाडयेक चलता?" मी म्हणालो, "पाणी ते पाणी." विज्ञानाच्या मास्तराच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही, पण विचारणारी बायको असली की मास्तर उत्तराची फार फोड करत नाहीत.

गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. बाजारहाट आणि लग्नकार्यं एवढंच तिचं काम. मग सासऱ्यांच्या किडन्यांनी काम सोडलं आणि गाडीला काम लागलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी मालवणहून कणकवली, तिथे चार तास डायलिसिस, दुपारी परत मालवण. सासरे एसटीचे ड्रायव्हर होते. सगळी नोकरी घाटांत लाल गाडी चढवण्या-उतरवण्यात गेली. सासूबाई गेल्यावर एकुलत्या एक मुलीकडे (त्यांच्या बोलीत 'चेडू'), म्हणजे आमच्याकडे राहायला आले. आता ते माझ्या मागच्या सीटवर उशीला टेकून बसायचे आणि गिअर चुकला की फक्त डोळे मिटून घ्यायचे. बायकोची शाळेतली नोकरी अजून चालू, म्हणून ड्रायव्हर मी.

या फेऱ्यांचा एक थकवा असतो, तो आजारी माणसाला येतो तसा नेणाऱ्यालाही येतो, पण नेणाऱ्याने तो बोलून दाखवायचा नसतो. दवाखान्याबाहेर आंब्याखाली गाडी लावायची, कालचाच पेपर परत वाचायचा, चार तासांनी आत जाऊन त्यांच्या हाताला बांधलेल्या पट्टीकडे न बघता "चला, आबा" म्हणायचं. घरी पोचेतो चार वाजायचे. बुधवार येईपर्यंत कुठला वार चाललाय याचा पत्ता नसायचा, आणि कळायचा तेव्हा उद्या गुरुवार असायचा.

सासरे माझ्याआधी कंटाळले. एकदा वाटेतलं कसाल मागे टाकल्यावर मागून आवाज आला, "जावयबापू, ह्या कितके दिस चलतला?"

मी किडनीचं कार्य, रक्तातली अशुद्ध द्रव्यं, गाळणी, असं सगळं सांगितलं.

"ता म्हाईत आसा. कितके दिस, ता इचारतंय."

मी गिअर बदलला. पुढे त्यांनी भाच्याच्या लग्नाचं निमित्त काढून एक शनिवार बुडवला. सोमवारपर्यंत पाय सुजले, चार पावलं टाकली की दम लागायला लागला. मंगळवारी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "पुन्हा वार चुकवू नका. दोन वार सलग चुकले तर जिवावर बेतेल. आणि मन उडालंय त्यांचं. थांबायला कारणच शोधतायत. त्यांना निमित्त मिळू देऊ नका."

निमित्त मिळू द्यायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं. पुढच्याच गुरुवारी गाडी तापली.

दुपारची वेळ. हायवे सोडून कसालच्या बाजारात वळलो तर पुढे एक ट्रक आडवा, त्याच्यामागे सगळी रांग. लोक सदऱ्याने वारा घेत होते. आमच्या मागच्या सीटवर मात्र स्वेटर, कानटोपी आणि वर चादर. डायलिसिस करून बाहेर आलं की सासऱ्यांना थंडी भरायची. म्हणून परतताना मी एसी बंद करायचो, काचा वर करायचो आणि स्वतः घामाने निथळत गाडी चालवायचो. त्या दिवशी निथळता निथळता समोर पाहिलं तर तापमानाचा काटा तांबड्यात. गाडी कडेला घेतली. अर्धा तास थांबलो, डिकीतल्या कॅनमधलं पाणी ओतलं (विहिरीचंच) आणि कसेबसे घरी आलो.

शुक्रवारी गाडी घेऊन आमच्या मालवणातल्या मेकॅनिककडे गेलो. त्याने खालची नळी सोडली. चहासारखं पाणी बाहेर आलं. चहासारखं म्हणजे आमच्याच विहिरीच्या चहासारखं.

"मास्तर, ह्या काय घातलात?"

मी म्हणालो, "जुन्या मालकान घातल्यान असतला."

माझ्या हातून झालेल्या चुकांमध्ये पाणी घालणं ही एक नंबरची नव्हे. एक नंबरला हे वाक्य आहे. खारं पाणी दोन वर्षं आत फिरतंय हे सांगितलं असतं, तर त्या मेकॅनिकने पाण्याला टेकणारा एकेक पार्ट काढून पाहिला असता. त्याला वाटलं, जुना गाळ आहे. त्याने रेडिएटर धुतला, कूलंट भरलं, झाकण बदललं, इंजिन चालू ठेवून पाऊण तास बघितलं. मी आत बसलो होतो. उकाडा मी म्हणत होता, म्हणून एसी लावला होता. काटा मध्यावर, जागचा हलला नाही.

"गाडी एकदम ओके."

शनिवारी परत येताना गाडी तापली. सोमवारी त्याने थर्मोस्टॅट काढला. म्हणजे इंजिन गरम होईतो पाणी अडवून धरणारी झडप. ती अडकली असेल, असं त्याचं म्हणणं. मी गाडी चौके गावापर्यंत पळवून आणली, एसी लावून, एकटाच, गाणी ऐकत. काही नाही. मंगळवारी जाताना काही नाही. येताना वाटेतल्या कट्टा गावाच्या चढावर काटा परत वर. गुरुवारी मात्र गेली तशी बिनतक्रार घरी आली, रस्ताभर मोकळा वारा लागला म्हणून. अशा आजाराइतका वाईट आजार नाही. रोज ताप आला तर माणूस उपचार तरी करतो. अधूनमधून येणारा ताप फक्त वाट बघायला लावतो.

मेकॅनिककडे नेली की ती गाडी आदर्श विद्यार्थिनी व्हायची. त्याला माझाच संशय यायला लागला. "मास्तर, तापता तेवा तुमी नेमके काय करतास?"

"मी काय करतलंय? चलवतंय."

"बगा. मी चलवतंय तेवा नाय तापना."

पाण्याच्या नळ्या बदलून झाल्या. गाडी तापतच राहिली. शेवटी तो डोकं खाजवत म्हणाला, इंजिन खोलून वरचा भाग, हेड, बघूया, आठ दिवस गाडी ठेवावी लागेल. हे मी घरी येऊन सांगितलं. बायको दुसऱ्या कोणाची गाडी मिळते का याचा विचार करायला लागली. सासरे ओसरीवर बसले होते. कित्येक दिवसांनी त्यांच्या तोंडावर मला थोडं तेज दिसलं.

"आठ दिस? मगे आठ दिस कणकवलेक नको जावया."

"आबा, असा कसा चलात?"

"गाडीच नाय तर काय करतलास? माका खांद्यार बसवन नेतलास?"

बायको आत गेली. स्वयंपाकघरातून भांडी जरा जास्तच वाजली. मग ती बाहेर येऊन मला म्हणाली, "खोलूचा नंतर बगा. आदी गाऱ्हाणा घाला."

मी विज्ञानाचा मास्तर, पण माझी परीक्षानळी रिकामी होती. त्यामुळे दुसऱ्या दिवशी शेजारचे काका नारळ घेऊन गाडीसमोर उभे राहिले. आमच्याकडे गाऱ्हाणं घालणारा देवाला सगळं पत्त्यासकट सांगतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी होकार भरायचा असतो. काकांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, ह्या घरातली गाडी परतीच्या वाटेर तापता हा रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"कोणाची वाकडी नजर लागली आसात, खंय चुकून पाय पडलो आसात, तर ता दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आनि ह्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाची वारी सुखरूप चलान दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मी म्हटलं, बायकोने म्हटलं, दगडी गडग्यापलीकडून शेजारणीनेही म्हटलं. सासरे खुर्चीत होते. ते काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, दमले असतील.

त्यानंतरच्या गुरुवारी गाडी पुन्हा कसालला तापली. पहिल्यांदा थांबलो होतो तिथून फार तर पन्नास पावलांवर. या खेपेला वाफही निघत होती. मी उतरलो, बॉनेट उघडलं आणि उभा राहिलो. खरं सांगतो, मला राग आला नव्हता. राग यायलाही अंगात काही शिल्लक लागतं. आता पाणी घालू, थांबू, घरी जाऊ, परवा परत येऊ, एवढंच डोक्यात होतं. हातात फडकं घेतलं आणि रेडिएटरच्या झाकणावर ठेवलं.

मागून काच खाली झाली. "उघडू नकात!"

मी अर्धा फेरा फिरवला होता.

बंद भांड्यात दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, आणि दाब एकदम सुटला की ते पाणी त्याच क्षणी उकळतं. हे मी किती तुकड्यांना शिकवलं त्याचा हिशोब नाही. कूलंट कारंज्यासारखं वर आलं. तोंड वाचलं, डाव्या हाताची पाठ भाजली. मी फडकं टाकून जागच्या जागी नाचलो. समोरच्या दुकानातला माणूस धावत आला, मला ओढत नळाकडे नेलं आणि हात पाण्याखाली धरला. तो गाड्यांचा इलेक्ट्रिशियन निघाला. दुकानावर बॅटऱ्या आणि हॉर्न लटकत होते.

वळून बघतो तर सासरे चादर सोडून गाडीबाहेर उभे.  तीस वर्षांत ज्यांनी मला 'तुमी' आणि 'जावयबापू' शिवाय हाक मारली नाही, ते बाजारात सगळ्यांसमोर ओरडले, "मेल्या, तू माझ्याआदी मरशीत मां! तापलेला झाकण असा उगडतत? एसी लाव आदी, एसी!"

"एसी? आबा, तुमका थंडी..."

"माझी थंडी चुलीत घाल. एसी लावलंस काय रेडिएटराचो पंखो फिरता. एसी बंद केलंस काय पंखो बंद. माका थंडी लागता म्हणान तू येताना एसी बंद करतंस नि गाडी तापता. जाताना एसी असता, नाय तापना. गॅरेजीत नेतंस तेवा तू एसी लावन बसतंस, थयसरय नाय तापना. ह्या समजाक काय इंजिन खोलूक व्हया?"

नळाचं पाणी हातावर पडत होतं. इलेक्ट्रिशियन माझ्याकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघत होता.

"तुमका ह्या कधी समाजला?"

"दुसऱ्या वेळेक तापली तेवाच. पंख्याचो आवाज येत नव्हतो."

"महिनो झालो, आबा! मगे सांगलास कित्याक नाय?"

ते दुकानाच्या बाकावर बसले. इलेक्ट्रिशियनने त्यांची चादर आणून दिली. ती त्यांनी खांद्यावर नीट घेतली, कोपरे जुळवले, आणि मग हळू आवाजात बोलले.

"मी नको म्हटलंय तर माझा चेडू रडतला. गाडयेन नको म्हटल्यान तर कोण रडतला?"

  महिनाभर मी ज्या बिघाडाच्या मागे लागलो होतो, त्याच्यावर मागच्या सीटवर बसून एक माणूस आशा लावून होता. मी गाडी नीट करायला धडपडत होतो आणि ते ती बंद पडायची वाट बघत होते. आणि दोघंही त्याच गाडीतून आठवड्याला तीन वेळा जात होतो. मी नळ बंद केला आणि त्यांच्या शेजारी बसलो.  कणकवलीकडून एक एसटी आली, वळली. त्यांनी सवयीने तिच्या पुढच्या चाकांकडे पाहिलं.

इंजिन निवाल्यावर इलेक्ट्रिशियनने पाणी भरलं आणि म्हाताऱ्याचं म्हणणं तपासलं. एसी लावला, पंखा गरगरला. एसी बंद केला, काटा हळूहळू वर आला, पंखा ढिम्म. मग रेडिएटरला बसवलेल्या एका बोटभर स्विचची वायर काढून दोन टोकं एकमेकांना लावली, पंखा पुन्हा गरगरला. पाणी तापलं की पंख्याला उठवायचं काम या स्विचचं. एसी लागला की पंखा त्याची वाट न बघता आपला आपण फिरतो. काट्याला खबर देणारा सेन्सर निराळा, म्हणून काटा खरं बोलत होता. स्विच बाहेर काढला तर टोकावर पांढरट-हिरवी बुरशी चढावी तसा थर.

"ह्या मिठाचा काम. पाणी खंयचा घातलात?"

मी जुन्या मालकाकडे वळणार होतो. पण बाकावरून सासरे बघत होते. "विहिरीचा," मी म्हणालो. "मीच घातलंय. दोन वर्षां."

इलेक्ट्रिशियन नुसताच डब्यातून नवा स्विच शोधायला लागला. न बोलणारे कारागीर मनाला जास्त लागतात.

सासरे उठून बॉनेटपाशी आले. एक हात पट्टीचा म्हणून अंगाशी धरलेला, दुसऱ्याने टेकून आत वाकले. "ती वायर पायपाक लागता, वायच अलीकडे बांद," त्यांनी सांगितलं. इलेक्ट्रिशियनने बांधली. "आता एसी बंद ठेव. काटो चढांदे." काटा चढला. मध्याच्या जरा वर आला, आणि पंखा आपणहून फिरायला लागला. ते कान देऊन ऐकत राहिले. बंद झाला. पुन्हा तापलं, पुन्हा लागला. तीन वेळा ऐकल्यावर म्हणाले, "बरो आसा." मग माझ्याकडे वळून, "नि गाडी तापता तेवा हीटर लावचो. इंजिनातलो ताप भायर येता नि मागच्या माणसाक उब मिळता." थंडीने कुडकुडणारा माणूस मागे बसवून, तापलेलं इंजिन पुढे ठेवून, मी महिनाभर हे दोन प्रश्न वेगवेगळे सोडवत होतो.

निघताना ते मागे बसले नाहीत. पुढचं दार उघडून माझ्या शेजारी बसले.  डाव्या हाताला मलम आणि फडकं बांधलेलं, त्यामुळे गिअर आणखीच वाईट पडत होते. या खेपेला त्यांनी डोळे मिटले नाहीत, उघडे ठेवून बघितलं, ते जास्त लागलं. कट्ट्याचा चढ आला, काटा थोडा वर सरकला, पंखा लागला, काटा मध्यावर आला. पुढे चौके गेलं. मला विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता. निमित्त संपलं होतं. आता नको म्हणायचं तर त्यांना स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागणार होतं.

मालवणच्या वेशीवरचं कुंभारमाठ आलं तेव्हा विचारलं. "आबा, शनिवारी सातांक निघाचा मां?"

त्यांनी एकदा काट्याकडे पाहिलं. मग कानटोपी काढून मांडीवर ठेवली.

"निघाया. झाकण बदललंस, नळये बदललंस, स्विच बदललंस. आता शनिवारपातूर डायवर तेवढो बदल."